उतरली म्हण

पार्टिंग टूल निवडताना माणसाचा स्वभाव कळतो, असं माझं मत आहे. लेथवर गरगर फिरणाऱ्या धातूत शिरून त्याचे दोन तुकडे करणारं हे पातं. उतावळा माणूस जाड पातं घेतो, कारण ते मोडत नाही. मग ते धातूत शिरलं की सगळं मशीन थरथरायला लागतं. चिकट माणूस पातळ घेतो, धातू वाचतो म्हणून, आणि निम्म्यात पातं मोडून कपाळाला हात लावतो. मी तीन मिलिमीटरचं घेतो. टोक बरोबर मध्यरेषेवर, आणि पातं होल्डरमधून लागेल तेवढंच बाहेर. तीस वर्षांत माझी चार पाती मोडली. चारही वेळा चूक माझी होती आणि ती मी वहीत लिहून ठेवली आहे. मी तसला माणूस आहे. मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही.

खाली वर्कशॉप, वर आमच्या तीन खोल्या, आणि मागच्या खिडकीखाली नदी. बाबांचा पलंग नेमका लेथच्या वर येतो. आठ महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पण कान शाबूत होते. डाव्या हाताशी काठी ठेवलेली असे आणि पडल्या पडल्या ते खालच्या लेथचा आवाज ऐकत. आवाज बिघडला की काठी जमिनीवर एकदा आपटायची: थांब. आवाज सुधारला की दोनदा: चालू दे. आम्हा दोघांत एवढंच संभाषण उरलं होतं, आणि खरं सांगायचं तर पूर्वीही याहून फार जास्त नव्हतं.

एक शब्द मात्र सांगायला हवा. तुकडा वेगळा झाला की आमच्या धंद्यात ‘कापला’ म्हणत नाहीत, ‘सुटला’ म्हणतात. जॉब सुटला, रिंग सुटली. माझ्या माहितीतले सगळे लेथवाले असंच म्हणतात. फक्त बाबा म्हणत नसत. मी ‘सुटली’ म्हटलं की ते असतील तिथून, तोंडात घास असला तरी, दटावत: “उतरली म्हण.”

“कुठून उतरली? झाडावरून?” असं मी एकदा विचारलं होतं. ते हसले नाहीत.

बाबा विक्षिप्तच होते. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर माझी लहानपणची उंची त्यांनी पेन्सिलीने मांडून ठेवली आहे, आणि तीही मिलिमीटरमध्ये. सगळ्यात वरची रेघ १२१२. तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्याच वर्षी आई गेली, दीड वर्ष अंथरुणात काढून, याच खोलीत, याच पलंगावर. त्यानंतर त्यांनी माझी उंची कधी मोजली नाही. १२१२ च्या किंचित खाली आणखी एक रेघ आहे, आकडा न घातलेली. पट्टी घसरली असेल असं मी समजत आलो. मुलं काही आक्रसत नाहीत.

तर त्या दिवसांत फेरीबोट बंद होती. दर अर्ध्या तासाने तिचा भोंगा वाजायचा आणि आमचं सगळं घर त्यावर चालायचं. भोंगा थांबला तशा दुपारी लांबल्या. बायको दूध गॅसवर ठेवून विसरू लागली. मी जेवलो की नाही हे मला तिला विचारावं लागे. नदीचा उजेड खिडकीतून आत येऊन वर्कशॉपच्या छतावर हलत राही, आणि त्याकडे बघता बघता मशीनपाशी उभ्या उभ्या माझा डोळा लागे. असा निवांतपणा मी जन्मात अनुभवला नव्हता.

बोटीचा सारंग एक जड गाठोडं खांद्यावर घेऊन आला. आत गनमेटलचा, म्हणजे पितळेसारख्या पिवळ्या धातूचा, पोकळ दांडा होता, मनगट सहज शिरेल एवढा रुंद, मोडीत काढलेल्या जुन्या बोटीतला.

“मिस्त्री, बोट चालू व्हायची तर यातून बारा रिंगा काढायच्यात. तीस तीस मिलिमीटरच्या,” तो म्हणाला. “असा धातू आता शोधून मिळत नाही. हा वाया गेला की बोट गेली.”

मी दांडा मोजला. तीनशे बासष्ट. बारा त्रिक छत्तीस, म्हणजे तीनशे साठ.

“बसतंय,” मी म्हणालो.

“शब्द?”

“शब्द.”

तो गेला. मी चहा घेतला, आणि दुसऱ्या घोटाला कप खाली ठेवला. मी पात्याची जाडी धरलीच नव्हती. शिंप्याने शिवणीचं कापड विसरावं तसं झालं. बारा रिंगांना अकरा काप. दर कापाला तीन मिलिमीटर धातूचा कीस होऊन लेथखालच्या ट्रेमध्ये पडणार, म्हणजे तेहतीस मिलिमीटर जाणार. अकराच रिंगा निघणार होत्या. शिकाऊ पोरानेही केली नसती अशी चूक मी पन्नाशी ओलांडल्यावर केली होती.

पातळ पातं शोधायला मी बाबांचा जुना खण उपसला. माझ्याकडचं सर्वांत पातळ पातंही पुरणार नव्हतं हे मला ठाऊक होतं, पण हात स्वस्थ बसेनात. खणाच्या तळाशी तेलकट कागदात गुंडाळलेलं एक पातं निघालं. बाबांनी स्वतः घासून बनवलेलं, काळपट, धार अजून जिवंत. कागदावर त्यांच्या अक्षरात आकड्यांची उतरंड होती: १५७४, १५७१, १५६८, असे तीन-तीनने उतरत बारा आकडे. शेवटचा १५४१, आणि त्याखाली एकच शब्द: ‘सुटली’.

कुठल्यातरी लांब दांड्याचा हिशेब असेल, असं मी धरलं. बाबांनी ‘सुटली’ लिहावं याचं नवल वाटलं, इतकंच. पातं मोजलं. तेही तीन मिलिमीटरच. पण हातात इतकं नेमकं बसलं की मी ते ठेवून दिलं नाही. होल्डरमध्ये लावलं, मध्यरेषेवर आणलं आणि लेथ सुरू केलं.

टोक धातूला टेकलं मात्र, वरून काठी आपटली. एकदाच, पण जोरात.

मी लेथ थांबवून वर गेलो. बाबा छताकडे बघत होते. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

“काय झालं यांना?” मी विचारलं.

“काही नाही हो. झोपेत हात हलला असेल.”

मी खाली येऊन पुन्हा सुरू केलं. पातं लोण्यात शिरावं तसं शिरलं. थरथर नाही, किंचाळी नाही. समोरून पोकळीत मी लाकडी दांडी लावून ठेवतो, सुटलेली रिंग जमिनीवर न पडता तिच्यावर यावी म्हणून. रिंग अलगद दांडीवर येऊन डुलत राहिली.

“सुटली,” मी म्हणालो. दटावायला कुणी नव्हतं.

रिंग बरोबर तीस भरली. उरलेला दांडा तीनशे एकोणतीस भरायला हवा होता. तो तीनशे बत्तीस भरला.

मी पुन्हा मोजला. मापाचा मोठा व्हर्नियर पुसून, शून्यावर तपासून, तिसऱ्यांदा मोजला. तीनशे बत्तीस. ट्रेमध्ये पिवळा कीस तर पडलेला होता. चिमटीत धरला तेव्हा तो कोमट होता, अंगाइतका.

घाबरायला हवं होतं, पण मला आनंद झाला. लपवत नाही. शब्द राहणार होता, बोट चालणार होती, आणि तीस वर्षं कीस झाडणाऱ्या माझ्या हाताला पहिल्यांदा काहीही वाया न घालवता कापता येत होतं. त्या दुपारी मी आणखी एक रिंग काढली. दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी तीन. दांडा दर वेळी नेमका तीसने कमी होत होता. दर वेळी वरून काठी एकदा वाजत होती, आणि दर वेळी मी मनाशी म्हणत होतो की बाबांना आता आवाज समजेनासा झालाय. छतावरचा उजेड हलत राही. मी किती वेळ काम केलं आणि किती वेळ उभ्याने झोपलो, ते सांगता येणार नाही.

चौथ्या दिवशी ताई आली. ती महिन्यातून एकदा येते, बाबांचं अंग पुसते, नखं काढते, आणि जिन्यात येऊन रडते.

“अरे, पाय बघितलेस का त्यांचे?” ती म्हणाली. “मागच्या वेळी तळवे पलंगाच्या फळीला टेकत होते. मीच मध्ये उशी सरकवली होती. आता दोन बोटं जागा राहतेय.”

“वर सरकवलं असेल हिने.”

“डोकं तिथेच आहे रे. फार हाल चाललेत त्यांचे. सुटले तर बरं.”

शब्द कानावर पडला आणि माझा हात जिन्याच्या कठड्यावर थांबला. ताई गेल्यावर मी टेप आणली. बायकोला म्हणालो, डॉक्टरांनी उंची विचारलीय. बाबांना मी टाचेपासून टाळूपर्यंत सरळ करून मोजलं. १६४१. मग हॉस्पिटलचे कागद काढले. आठ महिन्यांपूर्वी दाखल करताना तिथल्या नर्सने लिहिलं होतं: एकशे साडेसहासष्ट सेंटीमीटर. म्हणजे १६६५.

चोवीस मिलिमीटर. आठ काप.

म्हातारपणी माणूस खचतो, नर्सने घाईत मोजलं असेल, टेप ताणली गेली असेल. हे सगळं मी स्वतःला सांगितलं. पण पडताळा घेतल्याशिवाय मी काहीच मानत नाही. तो माझा गुण आहे असं मी आयुष्यभर समजत होतो. मी खाली गेलो आणि नववी रिंग कापली, पडताळा घ्यायला. काठी वाजली. मी थांबलो नाही. वर येऊन मोजलं.

१६३८.

बाबा माझ्याकडे बघत होते. मी टेप गुंडाळली. ती दोनदा सुटून पडली. मला खालचा कागद आठवला. बारा आकडे, तीन-तीनने उतरणारे, अकरा काप. आई उंच होती, खांद्यावर मडकं घेऊन दारातून वाकून यायची, असं मला उगाच वाटायचं. ती बेताच्याच उंचीची होती. एक मीटर सत्तावन्न असेल फार तर, कागदावरच्या पहिल्या आकड्याएवढी. ती गेली तेव्हा घरात जो येई तो हेच म्हणे: सुटली बिचारी.

मी पलंगाच्या कडेला बसलो. दुपारचे तीन वाजले असतील. खिडकी उघडी होती आणि नदीवर काहीच हलत नव्हतं.

“बाबा,” मी विचारलं, “आईच्या वेळी तुम्हाला माहीत होतं?”

काठी दोनदा वाजली: हो.

“आणि तरी शेवटपर्यंत कापलंत?”

दोनदा.

मला रडू आलं. त्यांचा राग आला आणि त्यांच्या हातांची कीवही आली. ते डाव्या हाताने काठी उचलू लागले. टोक हवेत थरथरलं, मग खाली वळलं, जमिनीकडे, लेथकडे. काठी पुन्हा दोनदा वाजली.

चार दिवस ‘थांब’ म्हणणारे बाबा आता ‘चालू दे’ म्हणत होते.

“नाही,” मी म्हणालो. “काय वाट्टेल ते होऊ दे. ते पातं मी परत लावणार नाही.” ताईने काहीही म्हणावं, मला ते हवे होते. न बोलणारे, न हलणारे, पण वरून काठी आपटणारे बाबा मला हवे होते. मी त्यांचा हात धरून तसं स्पष्ट सांगितलं. असं काही मी त्यांना पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, जेवढी हलत होती तेवढी. ती नकाराची होती की नाही हे मला कळलं नाही.

मी पातं पुन्हा कागदात गुंडाळलं आणि मागच्या खिडकीतून नदीत टाकलं. पाण्याने ते गिळल्याचा आवाजही आला नाही. मग सारंगाकडे गेलो. तो धक्क्यावर रिकाम्या बोटीत बसून दोर विणत होता. मी खाली मान घालून कबूल केलं की माझा हिशेब चुकला, शेवटची रिंग चार मिलिमीटर कमी भरेल.

तो हसला. “एवढंच? मिस्त्री, शेवटच्या रिंगेवर भार नसतो हो. वॉशर टाकू मागे. तोंड कशाला पाडता?”

आधीच विचारलं असतं तर. सव्वीसची रिंग चालत होती, बावीसची केली असती, एखादी कमी करून बघता आली असती. काहीतरी निघालं असतं. मी शब्द दिला होता म्हणून तोंड उघडलं नव्हतं. धक्क्यावरून परतताना मी हे स्वतःला फार वाईट शब्दांत ऐकवलं. तरी जीव भांड्यात पडला होता. बाबा होते. उरले होते तेवढे सगळे होते.

ब्याण्णव मिलिमीटरचा तुकडा लेथवर बाकी होता. मी माझं पातं काढलं, नवं, कंपनीचं, डबीतलं सील मी स्वतः फोडलं. टोक मध्यरेषेवर आणलं, दोनदा तपासलं. लेथ सुरू केलं. पातं धातूला टेकताच किरकिरलं, मशीन थोडं थरथरलं, कीस उडून मनगटाला चटका बसला. चारचौघांच्या लेथवर होतं तसंच होत होतं. मला गाणं म्हणावंसं वाटलं.

दहावी रिंग दांडीवर आली.

“उतरली,” मी म्हणालो. मोठ्याने, वर ऐकू जाईल असं.

वरून काहीच आवाज आला नाही.

रिंग तीस भरली. उरलेला तुकडा मी व्हर्नियरच्या जबड्यात धरला. मला एकोणसाठ हवे होते. तीन मिलिमीटर धातू वाया जावा म्हणून मी जन्मात पहिल्यांदा डोळे मिटून मनात काहीतरी पुटपुटलो.

बासष्ट.

जिना मी कसा चढलो ते आठवत नाही. बाबा जागे होते. टेप लावली. १६३८. पुन्हा लावली. १६३८. एक मिलिमीटरही कमी नाही. मी त्यांच्या उशाशी मटकन बसलो आणि हसलो. म्हणजे मोजण्यात चूक होती. कुठेतरी माझीच चूक होती.

बाबा हसत नव्हते. ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होते.

“अहो,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “जरा येता का? फळीवरचा तो डबा काढून द्या. सकाळी मीच ठेवला आणि आता हात पोचत नाहीये.”

मी उठून गेलो. ती टाचा उंचावून उभी होती. बोटांची टोकं डब्याच्या बुडाला लागत होती आणि निसटत होती. रोज ती तो डबा न बघता काढते.

“कमालच आहे,” ती हसून म्हणाली. “म्हातारी झाले वाटतं.”

मी डबा काढून दिला. दारात टेकून उभा राहिलो. माझ्या छातीशी, चौकटीवर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. व्हर्नियर अजून माझ्या हातातच होता. १२१२ च्या रेघेपासून खालच्या बिनआकड्याच्या रेघेपर्यंत मी तो लावला.

तीन.

म्हणजे बाबांनीही एकदा थांबून बघितलं होतं, आणि तो काप माझ्यावर आला होता.

“काय मोजताय आता?” बायकोने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो, आणि जिन्याकडे वळलो. खाली, लेथवर, बासष्ट मिलिमीटरचा तुकडा होता. त्यात एक काप बाकी होता. जिन्याच्या वरच्या पायरीवरून मला ट्रे दिसत होता. ट्रेमध्ये, पिवळ्या किसावर, तेलकट कागदातली एक पुडी ठेवलेली होती. कागद ओला होता.

मागे, बाबांच्या खोलीत, काठी दोनदा वाजली. जरा थांबून पुन्हा दोनदा वाजली.